पारण्याचं बोलावणं

जैनांच्या घरात अठाईचं पारणं म्हणजे नुसता गोंधळ. आठ दिवस ज्या बाईनं उकळलेल्या पाण्याशिवाय तोंडात काही घेतलं नाही, तिला मधल्या दिवसांत कोणी धड विचारलंही नाही, की बाई गं, झेपतं का. आणि नवव्या दिवशी सकाळी तिच्या तोंडात पहिला चमचा कोणी घालायचा, यावरून अख्खं गोत भांडायला तयार. वाशिमजवळच्या मालेगावच्या या घरात निदान हा तंटा नव्हता. कंचनबाईंच्या पहिल्या चमच्याचा मान धाकट्या दिराचा, हे ठरलेलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून प्रत्येक मोठ्या तपाचं पारणं नवीननंच करवलं होतं. या वर्षी तो नव्हता. दिवाळीच्या तोंडावर घर सोडून अनसिंगला गेला तो गेलाच, आणि त्याचं नाव निघालं की कंचनबाईंचे यजमान पन्नालाल उगाच उठून पंखा मोठा करायचे.

कंचनबाई पाटावर बसल्या होत्या. समोर वाटीत मुगाचं पाणी, दुसऱ्या वाटीत गूळ-तुपाची पातळ राब. दोन्ही निवत चाललं होतं.

"कंचन, घे ना आता. सूर्य वर आला, नवकारशीचा टाइम केव्हाचा होऊन गेला," हिरीबाई म्हणाल्या. हिरीबाई म्हणजे पन्नालालच्या थोरल्या बहीण, शिरपूरहून पहिल्या एसटीनं आलेल्या आणि आल्यापासून सगळ्यांना कामाला लावणाऱ्या.

"थांबा जराशा, बाई."

"कायले थांबायचं? कोन येनार हाये आता?"

येणारं कोणी नव्हतं, हे कंचनबाईंना ठाऊक होतं. पण आठ दिवस उपाशी राहिल्यावर माणसाला थोडी वेडी आशा धरायचा हक्क मिळतो, असं त्यांचं मत झालं होतं.

श्रेयांस, त्यांचा एकुलता एक मुलगा, खुर्चीत बसून दुकानाचा फोन चाळत होता. कालच्या संवत्सरीला मागितलेल्या माफीची, मिच्छामि दुक्कडमची, उत्तरं धो धो येत होती. दुकान मोटारपंपांचं. पाइप, स्टार्टर, केबल, स्प्रिंकलर. त्या दुकानाचा फोन वर्षानुवर्षं नवीनकडे होता. शेतकऱ्यांचे मेसेज यायचे, नवीन ज्याच्या त्याच्याशी त्याच्या त्याच्या कलानं बोलायचा. मग दीड वर्षापूर्वी श्रेयांसनं फोनवर एआय बसवला. भाव सांगायला तो, ऑर्डर घ्यायला तो, तक्रार ऐकायलाही तोच. गिऱ्हाइकाला फरक कळू नये म्हणून आधी त्याला नवीनची जुनी सगळी बोलणी वाचायला दिली. गिऱ्हाइकाला फरक खरोखरच कळला नाही. नवीन मात्र त्यानंतरही रोज दुकानात यायचा, गल्ल्याशेजारच्या आपल्या खुर्चीत बसायचा आणि पेपर वाचायचा.

गेल्या संवत्सरीला श्रेयांसनं फुलापानांचं एकच चित्र सगळ्यांना ढकललं होतं. लोकांनी टर उडवली. म्हणून या वर्षी संध्याकाळच्या प्रार्थनेला, प्रतिक्रमणाला, निघताना त्यानं फोनला सांगून ठेवलं, की सगळ्यांना माफीचा मेसेज कर, ज्याचा त्याला वेगळा, जुनं बोलणं वाचून, आपल्या बोलीत. परत येतो तर लोक गहिवरलेले.

"पप्पा, हे पाहा. हा अनसिंगचा पाटील काय लिवते. 'शेठ, त्या साली पाइप फुटला तवा तुमी माह्यं आयकून नाई घेतलं. तुमाले ते याद हाये, वाचून डोये भरून आले.'"

"कोनता पाइप?" पन्नालालनी विचारलं.

"मले काय माहीत. लोकं रडून राह्यले, इतकं खरं."

"रडू दे. रडनारा मानूस दुसऱ्या दुकानात नाई जात," पन्नालाल म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी मांडी बदलली.

तेवढ्यात दारात चपला काढल्याचा आवाज झाला. कंचनबाईंनी वर पाहिलं. नवीन उभा होता. पांढरा सदरा, हातात खडीसाखरेची पुडी, केस आधीपेक्षा बरेच पिकलेले. आत यावं की दारातूनच बोलावं, हे न ठरल्यासारखा तो उंबऱ्याशी थांबला होता.

"वहिनी, शाता हाये ना? बरं वाटते ना?"

कंचनबाईंनी मान हलवली. गेल्या दहा महिन्यांत या घरात जे कोणी बोललं नव्हतं ते सगळं त्यांच्या ओठांवर आलं होतं, आणि पोटात तर अन्नाचा कण नव्हता.

"ये ना आत. असा पावन्यासारखा काय उभा राह्यला," हिरीबाईंनीच शेवटी तोंड उघडलं. "कवाची अडून बसली ही. मी म्हनलं कोनाची वाट पाह्यते. तुह्यीच पाहत होती तर."

मग एकच धांदल झाली. पन्नालालना वाटलं, बायकोनं गुपचूप बोलावलं. कंचनबाईंना वाटलं, नवरा अखेर विरघळला. श्रेयांसला वाटलं, आईबापांपैकी कोणीतरी असेल, आपल्याला काय. तिघंही एकमेकांकडे कौतुकानं बघत होते, आणि तिघांचंही कौतुक फुकट चाललं होतं.

नवीन पाटासमोर बसला. कंचनबाईंनी मूठ मिटून नवकार मंत्र म्हटला, पच्चक्खाण पाळलं, म्हणजे उपासाचा नेम रीतीनं सोडला, आणि नवीननं मुगाच्या पाण्याचा चमचा त्यांच्या ओठांशी नेला. थोडं पाणी पदरावर सांडलं.

पन्नालाल उठले, धाकट्या भावासमोर हात जोडून उभे राहिले. आजच्या दिवशी थोरल्यालाही ते करावंच लागतं. "नवीन, सालभरात जानता अजानता काही चुकलं माकलं असन तर मिच्छामि दुक्कडम."

"मिच्छामि दुक्कडम, भाऊ."

झालं. बाजारात भाव ठरावा तितक्या सहज झालं. पन्नालालना एकदम हलकं वाटलं. काय चुकलं होतं ते बोलावं लागलं नाही, ही या वाक्याची केवढी सोय, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

मग नवीन श्रेयांसकडे वळला. "मी नसतो आलो. खरं सांगतो. पन काल तुह्या मेसेज आला."

श्रेयांस हसला. ते हसू तसंच चेहऱ्यावर ठेवून त्यानं फोन उचलला आणि "रिंकूले जरा पाहून येतो," म्हणत स्वयंपाकघरात गेला.

त्याची बायको रिंकू गॅसपाशी राब ढवळत होती. "काका आले ना? मी आवाज ऐकला. तुमी बोलावलं? लय बरं केलं."

"मी नाई बोलावलं," श्रेयांस हळूच म्हणाला. "यानं बोलावलं." त्यानं फोन तिच्यापुढे धरला.

रिंकूनं वाचलं. 'काका, मिच्छामि दुक्कडम. तुमी इचारलं होतं, उद्या दुकानात येऊ का. त्याले दुकान उघडायचा टाइम सांगायचा नोयता, या म्हनायचं होतं. तुमची खुर्ची हालवायच्या आंधी तुमाले इचारायचं होतं. चूक आमची हाये. घर तुमचंच हाये. वहिनीच्या पारण्याले या. बाकी सब खैरियत?'

"हे काय, उद्या येऊ का?"

श्रेयांसनं बोटानं बोलणं वर सरकवलं. दिवाळीच्या आधीचा मेसेज होता. नवीननं दुकानाच्या नंबरावर विचारलं होतं, 'उद्या येऊ का, की काम नाई?' त्याखाली फोनचं उत्तर. 'नमस्कार. उद्या दुकान सकाळी साडेनऊ वाजता उघडेल. आपली काय सेवा करू?' आणि त्याखाली नवीनचा शेवटचा मेसेज. 'चाब्या देव्हाऱ्यात ठेवल्या. माह्यं जेवन धरू नका.'

रिंकूनं गॅस बंद केला. "तुमी हे कधी वाचलं?"

"आत्ता."

"आत्ता? दिवाळीपासून?"

"दिवसाले दोनशे मेसेज येते, रिंकू. ते पाह्याले लागू नाई म्हून तर हा बसवला."

"जाऊन सांगा त्याइले. आत्ताच्या आत्ता सांगा, मी नाई लिवलं म्हून."

"अन् मंग? उठून जातीन ते. मम्मीचा पहिला घास पोटात गेला नाई धड अजून."

"मंग तुमी सोता म्हना ना जे त्याच्यात लिवलं ते. इतकंच तर हाये."

इतकंच तर होतं. श्रेयांसनं मनातल्या मनात ते वाक्य म्हणून पाहिलं, चूक आमची हाये. मनातही ते नीट लागेना. एवढ्यात पन्नालाल पाणी प्यायच्या निमित्तानं आत आले. मुलाचा चेहरा बघून त्यांना कसला तरी वास आला. धंद्यातल्या माणसाला असा वास चटकन येतो. त्यांनी हात पुढे केला, फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवून मेसेज वाचला.

"तू लिवला?"

"नाई."

"मंग चूक आमची, हे कोनाले इचारून म्हनलं यानं?" पन्नालालचा आवाज दबका होता पण मान लाल झाली होती. "मी बसलो ना अठी जित्ता. घरचा मालक मी, अन् माफी मागते हा डब्बा? उद्या दुकान लिहून देईन कोनाले."

"पप्पा, चुकीचं तर काई लिवलं नाई त्यानं," रिंकू म्हणाली.

सुनेनं असं तोंडावर बोलायची या घरात रीत नव्हती. पन्नालाल तिच्याकडे बघतच राहिले. मग फोन त्यांनी श्रेयांसच्या हातात परत दिला. "आला ना तो? बस. कसा आला ते इचारायचं नाई. कोनी कोनाले काई सांगायचं नाई. समजलं?" आणि पाणी न पिताच ते बाहेर गेले.

बाहेर नवीन कंचनबाईंना आपला फोन दाखवत होता. कंचनबाईंनी मेसेज वाचला, पदरानं डोळे टिपले, पुन्हा वाचला. त्यांच्या मनात लाज आणि आनंद एकदमच आले होते. खुर्ची हलवली त्या दिवशी त्या दुकानात डबा घेऊन गेल्या होत्या. खुर्चीच्या जागी केबलची बंडलं होती आणि नवीन त्या बंडलांवर बसून पेपर वाचत होता. त्यांनी डबा ठेवला, भाऊजी जेवून घ्या म्हणाल्या, आणि परत आल्या. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला अवाक्षर विचारलं नाही. मुलगा करतो ते दुकानाच्या भल्याचंच करत असेल, असं स्वतःला समजावत राहिल्या. आज मुलानंच ते सगळं लिहिलं होतं. माझा पोरगा माझ्यापेक्षा बरा निघाला, असं वाटून त्यांचा ऊर भरून आला.

"श्रेयांस, अठी ये."

तो आला. मागे रिंकू दारात उभी राहिली.

"लिवलं ते लय चांगलं केलं, बाबू. आता एक डाव तोंडानं म्हन काकाले. सगळे हायेत तर म्हनून टाक."

हिरीबाई सरसावून बसल्या. पन्नालाल भिंतीवरच्या तीर्थंकरांच्या फोटोकडे बघू लागले. श्रेयांस काकासमोर उभा राहिला, हात जोडले. रिंकू त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि त्याला ते पाठीवर जाणवत होतं.

"काका," तो म्हणाला. "जानता अजानता काही चुकलं असन तर... मिच्छामि दुक्कडम."

एवढंच. कंचनबाईंचा हात राबच्या वाटीवर होता, तो तिथेच थांबला. मुलाच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं. काय कळलं ते त्यांना शब्दांत सांगता आलं नसतं, पण हा मेसेज याच्या पोटातून आलेला नाही, एवढं आईला कळायला किती वेळ लागतो. ऊर भरून आला होता तो तसाच रिकामा झाला. आणि आपणही दहा महिने गप्पच होतो, मग याला कोणत्या तोंडानं बोलायचं, हेही त्याच क्षणी कळलं.

"झालं ना, वहिनी," नवीन मऊ आवाजात म्हणाला. "राब घ्या. थंडी होऊन राह्यली."

जेवणं झाली. हिरीबाईंनी नवीनला अनसिंगचं सगळं विचारून घेतलं. एसटी स्टँडजवळ खोली आहे, खाली एका कापड दुकानात दुपारी बसतो, जेवण हातानं करतो. "वरची खोली तुह्यीच हाये, इतकं कायले करतं मंग?" त्या म्हणाल्या. कोणीही हो ला हो केलं नाही. नवीन हात धुवायला म्हणून उठला आणि जिना चढून वर गेला.

खोलीचं दार ढकलल्यावर अर्धंच उघडलं. आत पाइपाच्या जोडांची खोकी रचलेली होती. खाट उभी करून भिंतीला लावली होती. नवीन दारातच उभा राहिला. त्याला राग आला नाही, याचंच त्याला नवल वाटलं. अनसिंगच्या खोलीत संध्याकाळी शेवटची एसटी गेल्यावर जी शांतता होते, ती त्याला इतके दिवस परक्या गावाची वाटत होती. इथेही तीच होती. खाली त्याची सगळी माणसं बसली होती, एकेकाचा आवाज त्याला ओळखू येत होता, आणि तरी तो अगदी एकटा होता. दार ओढून घेऊन तो खाली आला.

"निघतो, भाऊ. वाशिमची गाडी भेटन आत्ता."

राहा असं पन्नालाल म्हणाले. एकदाच म्हणाले. कंचनबाईंनी डबा भरून दिला, आणि देताना त्यांनी दिराचा हात क्षणभर धरून ठेवला.

"श्रेयांस, मोटारसायकल काढा," रिंकू म्हणाली. "काकाले तुमी सोडून या." हे सांगणं होतं की हुकूम, ते श्रेयांसला बरोबर समजलं.

स्टँडवर गर्दी बेताची होती. गाडी लागली नव्हती. दोघं कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसले. श्रेयांस बराच वेळ किल्ली बोटात फिरवत राहिला.

"काका, तो मेसेज मी नाई लिवला."

"माहीत हाये मले."

श्रेयांसनं मान वर केली. "कोनी सांगतलं?"

"बाकी सब खैरियत, असं कोन लिवते आपल्या घरात? मी लिवतो. त्याच्यातलं सारं बोलनं माह्यं हाये. मी लोकाइले समजवायचो तसंच त्यानं मले समजवलं." नवीन हसला. "वाचलं, अन् पह्यले हेच आलं डोक्यात. पाय, तुह्यी माफी मांगाची होती, तेबी तुलेच लिवा लागली."

"मंग तुमी आले काहून?"

नवीननं डब्याचं झाकण नीट बसलंय का ते चाचपून पाहिलं. "दुसऱ्या कोनाचा आलाच नाई, बाबू. म्हनलं, यानं बोलावलं तर जाऊ. आपून समोर दिसलो तर एखाद्याले बोलावं वाटन."

 बोलायचं तर आता, नाहीतर कधीच नाही, हे श्रेयांसला कळत होतं. आणि खोटं तर आता बोलायचं नव्हतं.

"मी सांगू? तुमी आयकान?"

"सांग ना."

"तो बसवला ते माह्यं चुकलं नाई, काका. आजबी मले तसं वाटत नाई. दुकान चालवाचं तर बसवाच लागत होता." त्यानं किल्ली मुठीत धरली. "पन तुमी रोज येऊन बसत होते, अन् मी रोज वाट पाहत होतो, का हे आपून होऊन कवा जातीन. खुर्ची त्याच्यासाठीच हालवली. केबल ठेवाले जागा दुसरी होती. तुमी बंडलावर बसून गेले तर मले तुमचाच राग आला, का याइले समजत काहून नाई. अन् चाब्या ठेवून गेले त्या दिवशी मले... बरं वाटलं. सुटल्यासारखं झालं. त्याची माफी मांगतो."

समोर एक बाई पोराला केळ सोलून देत होती, तिकडे नवीन बघत होता. त्याला वाटलं होतं की आपल्याला विसरले. कामाच्या नादात, फोनच्या नादात, सहज विसरले. विसरलेल्या माणसाला कधीतरी आठवण येते. दहा महिने त्याच्यावर तो तगला होता. आता कळलं की विसरलं कोणीच नव्हतं. रोज त्याची वाट पाहिली जात होती.

"हे त्याच्यात नोयतं," शेवटी तो म्हणाला.

"त्याले हे माहीत नाई. मी कुठी लिवलंच नोयतं."

"हं."

वाशिमची गाडी येऊन लागली. माणसं उठली. नवीन उभा राहिला, त्यानं सदरा झटकला.

"केलं का माफ, काका?"

नवीननं डबा काखेत धरून दोन्ही हात जोडले. "केलं. आजच्या दिवशी नाई म्हनता येत नाई." मग पायरीवर एक पाय ठेवून तो थांबला. "खरं बोलला, चांगलं केलं. पन नसता बोलला तरी चाललं असतं, बाबू."

तो आत गेला. खिडकीजवळची जागा मिळाली. श्रेयांस खाली उभा होता, हात हलवायच्या तयारीत, पण नवीननं बाहेर पाहिलं नाही. त्यानं फोन काढला, चष्मा लावला आणि टाइप करायला लागला. सावकाश, एकेक अक्षर. श्रेयांसच्या खिशात दुकानाचा फोन थरथरला. त्यानं बघितलं. नवीन काका.

'तुह्या मेसेज भेटला. लय बरं वाटलं. असाच लिवत जा.'

श्रेयांसनं खिडकीकडे पाहिलं. काका फोनमध्येच बघत होता. त्यानं घाईनं उत्तर लिहायला अंगठा खाली नेला, आणि त्याच्या आधीच, त्याच्या डोळ्यांसमोर, फोनचं उत्तर गेलं.

'आमालेबी बरं वाटलं, काका. घरी पोचले का सांगा.'

गाडी हलली. फोन पुन्हा थरथरला. 'हो. जेवन झालं का?' आणि लगेच त्याखाली उत्तर. गाडी वाशिमच्या रस्त्याला लागली तरी त्या दोघांचं बोलणं चालूच होतं. श्रेयांस स्टँडवर उभा राहून ते वाचत राहिला. मधे बोलावं असं त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं.